खळ

डिक्शनरीत व्हिलनच्या पोटात एक व्हिला निघाला.
लॅटिन. अर्थ, शेतावरचं घर.
तिथं राबणारा तो व्हिलानुस.
फ्रेंचांच्या तोंडी जरा मऊ झाला,
आणि इंग्रजांच्या गढीत पोचेपर्यंत
त्याच्या अंगाचा शेणामातीचा वास
मनाचा वास ठरला.
माणूस तोच होता.
फक्त दौत ज्यांच्या हातात होती
ते माडीवर बसलेले.

आठवीच्या वर्गात हे सांगितलं
तर मागच्या बाकावरनं सिद्राम ऐवळे उठला:
"म्हंजे मॅडम, सावळजचं आपण समदंच व्हिलन?"
वर्ग हसला. मीही.
मग डस्टर झटकताना खडूची धूळ उडाली,
वारं देताना भुसा उडतो तशी,
आणि अण्णा आठवले.

अण्णा एकोणीस वर्षं गावच्या जत्रेत व्हिलन.
मिशीला कंदिलाची काजळी, पाठीवर आईचं काळं लुगडं,
आणि ते हसू.
दुसऱ्या दिवशीसुद्धा पोरी
आमच्या दारावरनं पळत जायच्या.
बाजारात बांगडीवाली हुसेनबी म्हणायची,
"तुमच्या हातनं पैसं घ्यायचं भ्या वाटतंय."
हिरो बदलत राहिला, हिरोचं घर नाही:
मांडव आणि जनरेटर ज्यांचा, त्या घरचा.
अण्णा तिथंच सालगडी.
दिवसा त्यांचं खळं राखायचे,
रात्री त्यांच्या पोराच्या हातनं मरायचे,
तिसऱ्या अंकात, लाकडी तलवारीनं,
शिट्ट्यांच्या पावसात.

खळं.

इथं दुसरी डिक्शनरी काढली.
संस्कृतात खल म्हणजे दुष्ट.
आणि खल म्हणजे खळंच,
शेणानं सारवलेलं, मधोमध तिवडा रोवलेलं,
ज्याच्याभोवती मुसकी बांधलेले बैल फिरतात
आणि पायाखालच्या कणसाला तोंड लावू शकत नाहीत.
तेल निघून गेल्यावर उरते त्या पेंडीलाही
खलच म्हणत, असं पुढं लिहिलंय.
ही सगळी एका मुळातली की नुसती आवाजाची जुळी,
मला ठाऊक नाही.
मी एवढंच पाहिलंय की शाळूची रास
बैलगाडीतनं माडीकडं गेली
की खळ्यावर मातेरं उरायचं,
आणि ते अण्णांचं असायचं.
आई दोन दिवस त्यातले खडे वेचायची.

इथवर आलं की सोपं होतं.
अण्णांना निर्दोष सोडता येतं,
माडीला पिंजऱ्यात उभं करता येतं,
डिक्शनरी साक्षीला असतेच.

पण एका संक्रांतीला
चार रुपयांच्या हिशोबावरनं
अण्णांनी आईच्या पाठीवर कासरा ओढला.
मिशीला काजळी नव्हती.
जनरेटर नव्हता. कुणी शिट्टी मारली नाही.
आई उठली, चुलीत तुराटी सारली,
आणि भाकरी थापायला बसली.
मी सहा वर्षांची, तिळगूळ मुठीत चिकटलेला.
त्या दुपारचं लॅटिन मला सापडलेलं नाही.
माडीवरनं आलं म्हणावं तर हात अण्णांचा होता,
आणि हाताचंच म्हणावं
तर तो कासरा कुणाच्या बैलाचा?

सिद्रामच्या वहीत आज उत्तर होतं:
व्हिलन, शेतात काम करणारा.
त्याखाली, खोडून परत लिहिलेलं: वाईट.
लाल पेन बराच वेळ दोन्ही ओळींच्या मधे धरला.
शाईचा ठिपका पडला, आणि घंटा झाली.

अण्णा आता ओट्यावर बसून असतात.
काजळीविना, पांढरे.
शाळा सुटली की पोरं थांबतात,
"आजा, व्हिलनचं हसून दाखवा की."
तोंडात दात तीन. तरी हसतात,
मान मागं टाकून, जुन्या बेतानं.
पोरं घाबरत नाहीत, टाळ्या देतात,
परत एकदा म्हणतात.

आत, स्वयंपाकघरात,
आईच्या हातनं पिठाचा डबा पडतो.